वेलस्ली हे आडनाव मुळात कुठलं?

गोदाकाठ

शाळेच्या इतिहासात आपल्याला दोन वेलस्ली भेटतात. एक तैनाती फौजवाला, रिचर्ड, १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल. दुसरा त्याचा धाकटा भाऊ आर्थर, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा, आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मार्क तेवढ्यावर मिळायचे त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही. पण हे आडनाव खणायला घेतलं तर असली भारी भानगड निघते की म्हटलं धागाच काढू.

तर वेलस्ली हे गावाचं नाव. इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट परगणा आहे, त्यात वेल्स नावाचं छोटंसं शहर (वेल्स देश वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही). हे वेल्स म्हणजे झरे, तिथे बिशपच्या वाड्याच्या बागेत आजही जमिनीतून पाणी उसळतं आणि त्याच पाण्याचे पाट मेन रोडच्या कडेने वाहतात. इसवी सन ९०९ मध्ये तिथे बिशपची गादी आली, म्हणजे फ्रान्सकडून नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायला यायच्या दीडशे वर्षं आधी. या वेल्सच्या शेजारी एक वस्ती होती, वेलस्ली. जुन्या इंग्रजीत, म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांच्या भाषेत, 'लेआ' म्हणजे रान, आणि पुढे रान तोडून मोकळी केलेली जागा. झऱ्यांच्या गावाजवळचं मोकळं रान ते वेलस्ली. इंग्रजी आडनावांच्या शेवटी जो 'ली' येतो तो बहुतेक वेळा हाच. स्टॅनली म्हणजे दगडाळ रान, ब्रॅडली म्हणजे रुंद, ॲशली म्हणजे ॲश झाडांचं, ओकली ओकचं.

इथवर सरळ आहे. आता गंमत. ज्या दोन भावांमुळे हे आडनाव आपल्याला पाठ आहे त्यांचा आजोबा जन्माने वेलस्ली नव्हताच. तो कॉली होता. रिचर्ड कॉली. १७२८ मध्ये आयर्लंडमधला त्याचा एक नात्यातला भाऊ, गॅरेट वेस्ली, मूलबाळ नसताना वारला आणि मीथ परगण्यातली डांगन आणि मॉर्निंग्टन ही सगळी इस्टेट रिचर्डला देऊन गेला, अट एकच की आडनाव आणि कुळाचं चिन्ह वेस्ली लावायचं. रिचर्डने दोनेक महिन्यांत आडनाव बदलून टाकलं, जास्त विचार केलेला दिसत नाही. वेस्ली हे वेलस्लीचंच झिजलेलं रूप, मधली दोन-तीनशे वर्षं ते घराणं तेच लावत होतं. मग १७९८ मध्ये नातवंडांच्या पिढीत थोरल्या रिचर्डच्या आग्रहाने पुन्हा जुनं लांबलचक 'वेलस्ली' सुरू झालं. आर्थर तोपर्यंत हिंदुस्थानात येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि सही 'आर्थर वेस्ली' अशीच करायचा, मे १७९८ पासून 'वेलस्ली' करायला लागला. म्हणजे आडनावाचं आत्ताचं रूप आपल्याकडे असतानाच पक्कं झालं म्हणायला हरकत नाही.

कोणाला अजून माहिती असेल तर भर घाला.


मंजिरी_नगर

मस्त धागा! वाचतेय. आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) किल्ल्यापाशी चिंचेचं झाड आहे/होतं ते वेलस्लीचं झाड म्हणून ओळखलं जातं, तिथे बसून तो जेवला असं सांगतात. १२ ऑगस्ट १८०३ ला किल्ला पडला. लहानपणी ऐकलेलं की लाच देऊन घेतला किल्ला, खरंखोटं देव जाणे.

पण मला एक कळलं नाही, इस्टेटीसाठी आडनाव बदलायचं हे तिकडे चालायचं? लोक नावं नाही ठेवायचे?


चतुरंग_पाटील

अहो मंजिरीताई चालायचं काय, धंदाच होता तो. जमीनदार घराण्यात मुलगा नसला की मृत्युपत्रात कलमच टाकायचे, माझं नाव आणि चिन्ह लावशील तर घे नाहीतर पुढच्याला. आपल्याकडचं दत्तक विधान आठवा, फरक इतकाच की आपल्याकडे पोरगं मांडीवर घेऊन होमहवन करून गोत्रासकट बदलायचं आणि तिकडे वकिलाच्या कागदावर. मुळात इंग्लंडच्या कायद्यात दत्तक हा प्रकारच नव्हता, पहिला कायदा आला १९२६ मध्ये! त्याआधी मृत्युपत्र हाच मार्ग.

आणि याच घरात हे एकदाच झालेलं नाही. आर्थरचा मधला भाऊ विल्यम, त्याला दुसऱ्या एका नातेवाईकाची, पोल म्हणून घराणं होतं त्यांची इस्टेट मिळाली, तो झाला वेलस्ली-पोल. त्याच्या पोराने तर कहर केला. १८१२ मध्ये कॅथरीन टिल्नी-लाँग नावाच्या प्रचंड श्रीमंत वारसदारणीशी लग्न केलं आणि झाला विल्यम पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली. चार आडनावं! लोकांनी त्यावर विनोदी कविता केल्या त्या काळी.


शेंडेनक्षत्र

चार आडनावं म्हणजे सहीला पानच लागत असेल 😀

पुढे काय झालं त्याचं? असल्या लोकांचं पुढे काहीतरी होतंच


चतुरंग_पाटील

@शेंडेनक्षत्र झालं ना. बायकोचा वॉन्स्टेड हाउस म्हणून लंडनजवळ महाल होता, राजवाडाच म्हणा, तो कर्जापायी १८२४-२५ च्या सुमारास पाडून त्याचे दगड-विटा विकल्या. बायको लवकर वारली, याची लफडी चालूच, शेवटी कोर्टाने पोरांचा ताबा त्याच्याकडून काढून घेतला, त्या काळात बापाकडून ताबा काढणं ही फार मोठी गोष्ट होती आणि तो खटला कायद्याच्या पुस्तकांत अजून सापडतो. पुढे अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) झाला खरा पण १८५७ मध्ये मेला तेव्हा हातात काही नव्हतं.


अनुस्वार

धागा छान पण एक मुद्दा. 'अँग्लो-सॅक्सन आडनाव' म्हणताना जरा जपून. अँग्लो-सॅक्सन लोकांना आडनावंच नव्हती, निदान बापाकडून मुलाकडे जाणारी तरी नव्हती. गॉडविन, लिओफ्रिक, एडरिक असं एकच नाव, फार तर 'अमक्याचा मुलगा' किंवा काहीतरी टोपणनाव. पिढीजात आडनाव ही पद्धत १०६६ नंतर नॉर्मन सरदारांबरोबर रुजली, त्यांना कुठली जहागीर कोणाची हे सांगावं लागायचं, १०८६ ची ती मोठी जमीन-मोजणी याच काळातली. शेतकरी-कामकऱ्यांपर्यंत पोचायला तर १४०० च्या आसपासचा काळ उजाडला. त्यामुळे वेलस्ली हा *शब्द* सॅक्सन, पण तो आडनाव म्हणून वापरायची *रीत* नॉर्मन. सुरुवातीला 'द वेलस्ली' असं फ्रेंच 'द' लावूनच लिहायचे, मग तो 'द' गळला.

वेलस्ली घराणं रक्ताने सॅक्सन होतं असं त्यांचे कुळवृत्तांतवाले लिहायचे. गावाच्या नावावरून ते सिद्ध होत नाही. गावात राहणारा सॅक्सन असेल किंवा गाव इनाम मिळालेला नॉर्मन असेल, दोघांनाही तेच नाव मिळणार.


गोदाकाठ

@अनुस्वार हो हा मुद्दा एकदम बरोबर आणि महत्त्वाचा. मी 'सॅक्सन' हे शब्दापुरतंच म्हणतोय. आणि नावं बघितली तरी कळतं, १०६६ नंतर शे-दीडशे वर्षांत ते गॉडविन, लिओफ्रिक मागे पडले आणि जो तो विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड. पाळण्यातलं नाव साहेबाचं आणि आडनाव गावच्या मातीतलं अशी जोडी झाली, रिचर्ड वेलस्ली हे नावच बघा ना.


कोकणस्थ_कोल्हापुरे

म्हणजे आपले -कर च की. वेलस्लीकर 😄

एक निरीक्षण, आपल्याकडे नाशिककर हा नाशकात राहून होत नाही. नाशिक सोडून पुण्याला गेला की लोक त्याला नाशिककर म्हणायला लागतात. गावात तर सगळेच नाशिककर, मग सांगणार काय. या लोकांचंही तेच झालं असणार, वेलस्ली सोडल्यावर वेलस्ली झाले.


अनुस्वार

अगदी. म्हणूनच सॉमरसेटमध्ये त्यांचं फारसं काही राहिलं नाही आणि आयर्लंडमध्ये नाव गाजलं. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री ऑक्टोबर ११७१ मध्ये वॉटरफर्डला उतरला, आयर्लंडवर इंग्रजी राजाची पहिली स्वारी ती. घराण्यातली आख्यायिका अशी की त्यांचा पूर्वज तेव्हा राजाचा झेंडा धरून होता. आता असं आहे की दुसऱ्या हेन्रीचा झेंडा इतक्या घराण्यांच्या पूर्वजांनी धरलाय की तो खाली ठेवायला जागाच उरली नसेल, पण सॉमरसेट-डेव्हनकडचे बरेच लोक तेव्हा आयर्लंडात गेले आणि जमिनी मिळवून बसले हे खरं आहे. तिथे मग पिढ्यान्‌पिढ्या मीथ परगण्यात. स्पेलिंग म्हणाल तर जसा कारकून तसं स्पेलिंग.


आजोळचा_आंबा

मला एक विचारायचंय, ते वेस्ली म्हणजे मेथॉडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) चर्चवाले वेस्ली का? आमच्या कॉलनीत ख्रिश्चन कुटुंबात मुलाचं नाव वेस्ली होतं म्हणून विचारलं.


सायली_बॉस्टन

@आजोळचा_आंबा हो तेच नाव पण घराणं वेगळं असावं, मात्र किस्सा जबरदस्त आहे. तो जो गॅरेट वेस्ली, निपुत्रिक, त्याने आधी इंग्लंडातल्या एका गरीब पाद्र्याच्या मुलाला वारस करायचं ठरवलेलं. तो मुलगा वेस्टमिन्स्टर शाळेत शिकत होता, नाव चार्ल्स वेस्ली! आडनाव एकच म्हणून आपल्याच भाऊबंदातला असेल असं धरलं असावं. तर चार्ल्सने नाही म्हटलं. पुढे तो आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांनी मेथॉडिस्ट चळवळ उभी केली, चार्ल्सने हजारो भजनं लिहिली, अजून म्हणतात चर्चमध्ये. त्यांच्याच घरच्या लिखाणात हा किस्सा आलाय. चार्ल्स हो म्हणाला असता तर रिचर्ड कॉलीला काही मिळालंच नसतं आणि मग लॉर्ड वेलस्ली आणि ड्यूक कॉली नावाने वाढले असते, ते पण डांगनच्या पैशाशिवाय, म्हणजे बहुतेक आले पण नसते पुढे.

आमच्या माहितीच्या सगळ्या मेथॉडिस्ट 'वेस्ली' मुलांची नावं जॉन-चार्ल्सवरून आहेत, ड्यूकशी संबंध नाही. त्यांच्या आडनावाचा अर्थ साधा, पश्चिमेकडचं रान.


टिवटिवाट

कॉली म्हणजे आपले कोळी का हो 🤣🤣 आसईला आपल्याच माणसाने मारलं आपल्याला


चतुरंग_पाटील

हाहा. नाही. कॉली किंवा कौली, दोन्ही लिहायचे. मूळचे इंग्लंडचे, आठव्या हेन्रीच्या काळात सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने आयर्लंडात आले, किल्डेअर परगण्यात कारबरीचा किल्ला यांच्याकडे होता. त्यामुळे ते काही गरीब बिरीब नव्हते, फक्त वेस्लींची जमीन आणि नाव जास्त जुनं. आणि जुन्या नावाला किंमत होती. आजोबा रिचर्डला १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन केलं, मुलगा गॅरेट (रिचर्ड-आर्थरचा बाप) अर्ल झाला १७६० मध्ये. हा गॅरेट भारी माणूस, संगीतकार, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा पहिला प्रोफेसर. आर्थरसुद्धा व्हायोलिन चांगलं वाजवायचा, १७९३ मध्ये स्वतःच जाळून टाकलं, मग फक्त पलटण.

एक राहिलं. सगळ्यात धाकटा भाऊ हेन्री (हा पण इथे होता, अवधमध्ये नबाबाकडून मुलूख लिहून घेतला त्यात होता) याला १८२८ मध्ये लॉर्ड केलं तेव्हा त्याने पदवी घेतली बॅरन कौली. म्हणजे शंभर वर्षांनी खरं आडनाव मागच्या दाराने परत आलं.


मंजिरी_नगर

हे भारी आहे!! म्हणजे त्यांना ठाऊक होतं, विसरले नव्हते.


रावसाहेब_जालना

आमच्या जिल्ह्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आसई भोकरदनजवळ. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वेलस्लीला वाटाड्ये सांगत होते की नदीला उतार नाही, त्याला पलीकडे दोन गावं समोरासमोर दिसली एक या काठाला एक त्या काठाला, त्याने अंदाज बांधला की लोक ये-जा करत असणार म्हणजे उतार असणारच, आणि होता. त्याच्या बाजूचे ४२८ मेले आणि हजारावर जखमी झाले, आपल्या बाजूचे किती गेले त्याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. शिंद्यांच्या तोफा शेवटपर्यंत चालल्या, गोलंदाज तोफांजवळच मेले पण हटले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. तो वेलस्ली असो की कॉली, आम्हाला त्याचं काय.

पुढे २९ नोव्हेंबरला अकोल्याकडे अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगड. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर, नगर ते चिखलदरा.


गोदाकाठ

रावसाहेब तुमचं म्हणणं मान्य. पण नावाचा संबंध इथे येतो तो असा की ती मोहीम दोघा भावांची होती. थोरला कलकत्त्यात बसून धोरण ठरवतो, ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाला बांधून घेतो, धाकटा २० एप्रिल १८०३ ला पुण्यात पोचतो, मे मध्ये बाजीराव परत गादीवर, मग नगर, आसई. धाकट्याच्या वरचे किती अधिकारी बाजूला राहिले आणि याला पुढे काढलं, त्यावरून पलटणीत कुजबुज होतीच. आडनाव हेच शिफारसपत्र.


दिवाणखाना

दत्तकाची गोष्ट निघालीच आहे तर एक खुपणारी गोष्ट लिहितो. दुसरा बाजीराव जानेवारी १८५१ मध्ये ब्रह्मावर्ताला वारला. नानासाहेब त्याचा दत्तक मुलगा, कर्जतजवळच्या वेणगावच्या माधव नारायण भटांचा. कंपनीने आठ लाखांचं पेन्शन नानासाहेबाला द्यायला नकार दिला. त्या वेळी लंडनमध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन जिवंत होता, तो गेला सप्टेंबर १८५२ मध्ये. म्हणजे ज्या माणसाचं आडनाव, घर, जमीन सगळं निपुत्रिक नातेवाईकाने नाव लावायच्या अटीवर दिलेलं, त्याच्या देशाचं सरकार इथे सातारा (१८४८), नागपूर, झाशी सगळीकडे सांगत होतं की दत्तक तो खरा वारस नव्हे. दुटप्पीपणाला मर्यादा असावी की नाही.


अनुस्वार

@दिवाणखाना भावना समजते पण दोन-तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. खालसा धोरण डलहौसीचं, वेलस्लींचं नाही, पन्नास वर्षांचं अंतर आहे. नानासाहेबाच्या बाबतीत कंपनीचा युक्तिवाद दत्तक अवैध हा नव्हता, पेन्शन बाजीरावाला व्यक्तिशः होतं आणि त्याच्याबरोबर संपलं असा होता. आणि तिसरं, खाजगी मालमत्ता दत्तकाला जाऊ द्यायला सहसा त्यांची हरकत नसायची, हरकत होती ती राज्यावरच्या हक्काला. डांगनची इस्टेट खाजगी होती. त्यामुळे तुलना तंतोतंत बसत नाही.


दिवाणखाना

तंतोतंत बसत नाही हे मान्य, पण पदव्या? रिचर्ड कॉलीला बॅरन केलं ते वेस्लींच्या जमिनीच्या आणि नावाच्या जोरावरच ना. राज्य नसेल, हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागा तर होती (आयर्लंडची का होईना). ज्यांना स्वतःच्या घरात कागदावरचा वारस चालतो त्यांना होम करून घेतलेला चालत नाही, यात कायद्यापेक्षा सोय जास्त दिसते मला. असो, तुमचं चालू द्या.


टिवटिवाट

जाता जाता, सांगलीचं वेलिंग्टन कॉलेज पण याच्याच नावाचं ना? आणि मुंबईचा वेलिंग्टन क्लब?


सायली_बॉस्टन

@टिवटिवाट ते विलिंग्डन रे. लॉर्ड विलिंग्डन, १९१३ ते १८ मुंबईचा गव्हर्नर, नंतर व्हाइसरॉय. विलिंग्डन हे ससेक्समधलं गाव, वेगळंच. क्लब पण त्याचाच. मुंबईत खरा वेलिंग्टन म्हणजे रीगल सिनेमासमोरचं कारंजं, ते ड्यूकच्या स्मरणार्थ.

आणि विलिंग्डनची पण गंमत ऐक, जन्मनाव फ्रीमन थॉमस. १८९२ मध्ये त्याने आडनावाला फ्रीमन जोडलं आणि झाला फ्रीमन फ्रीमन-थॉमस. कैच्या कै लोक.


पर्वतीवरून

पुण्यात संगम पुलाचं जुनं नाव वेलस्ली ब्रिज, आधी तिथे लाकडी पूल होता त्यालाही हेच नाव. जुन्या नकाशात वेलस्ली रोड पण आहे. म्हाताऱ्या माणसांकडून मी 'वेल्सली पूल' ऐकलंय.

पण मला प्रश्न असा, वेलस्ली आणि वेलिंग्टन एकाच गावाची दोन नावं का? की आडनावावरून पदवी पाडली?


गोदाकाठ

दोन वेगळी गावं, सॉमरसेटमध्येच. वेलिंग्टन बरंच नैऋत्येला. १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर आर्थरला पदवी द्यायची ठरली, तो तिकडे रणांगणात, लंडनमध्ये सरकारी लोक विचारतायत नाव काय लिहायचं. भाऊ विल्यमने (तोच तो वेलस्ली-पोल) नकाशा बघून ठरवलं, आडनावाला जुळणारं आणि मूळ परगण्यातलं, म्हणून वेलिंग्टन. आर्थरने तोवर ते गाव पाहिलेलं पण नव्हतं! आणि मग त्या गावावरून न्यूझीलंडची राजधानी, आपल्या निलगिरीतलं वेलिंग्टन जिथे लष्कराचं स्टाफ कॉलेज आहे, गमबूट सगळ्याला तेच नाव. गावाने नंतर टेकडीवर त्याचं स्मारक उभारलं, १७५ फूट उंच, तीन बाजूंचा मनोरा.

शेवटचा 'टन' पण सॅक्सनच बरं का, 'तून' म्हणजे कुंपण घातलेलं शेत-घर, पुढे गाव. लंडन त्यातलं नाही, ते जुनं आहे.


सायली_बॉस्टन

मी राहते तिथून जवळ वेलस्ली गाव आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये, प्रसिद्ध मुलींचं कॉलेज आहे तिथे, १८७५ ला वर्ग सुरू झाले. इथे सगळे भारतीय एकमेकांना सांगतात की हे आपल्या लॉर्ड वेलस्लीवरून. तर नाही. हनिवेल म्हणून एक श्रीमंत माणूस होता, त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव वेल्स, म्हणून त्याने स्वतःच्या बंगला-बागेला 'वेलस्ली' नाव दिलं आणि १८८१ मध्ये गाव वेगळं झालं तेव्हा तेच गावाला लागलं. बायकोच्या माहेरचं नाव घराला देणारा तो एकटाच सज्जन या अख्ख्या धाग्यात 🙂

मलेशियात पेनांगसमोरचा किनारा मात्र खरोखर आपल्यावाल्या रिचर्डच्या नावाने होता, प्रोव्हिन्स वेलस्ली, आता सेबरांग पेराई. कलकत्त्यात पण रस्ता होता, तो आता रफी अहमद किडवाई रोड.


आजोळचा_आंबा

ड्यूक आयरिश होता म्हटलं की चिडायचा म्हणे, 'गोठ्यात जन्मला म्हणून कोणी घोडा होत नाही' असं म्हणायचा.


अनुस्वार

ते तो नाही म्हणाला, त्याच्या*बद्दल* म्हटलंय. डॅनियल ओकॉनेल, आयरिश पुढारी, १८४३ च्या भाषणात. आयरिश लोकांना तो आपला वाटायचा नाही त्यावरून मारलेला टोमणा आहे. नंतर लोकांनी उचलून ड्यूकच्याच तोंडी घातला. त्याचा जन्म मात्र डब्लिनचाच, १७६९.


मंजिरी_नगर

आता वंश चालू आहे का? थोरल्या लॉर्ड वेलस्लीचे कोणी?


चतुरंग_पाटील

थोरल्याची कथा वेगळीच. एका फ्रेंच बाईबरोबर राहायचा, गाब्रिएल रोलां, पाच मुलं झाली आणि मग १७९४ मध्ये लग्न केलं. लग्नाआधीची मुलं म्हणून पदवीला वारस नाही, १८४२ मध्ये तो गेला आणि मार्क्विस वेलस्ली ही पदवी तिथेच संपली. इतक्या खटपटीने जुनं नाव परत आणलं आणि त्याच्याच नावाची पदवी एका पिढीत खलास. पण त्या मुलांपैकी ॲन नावाच्या मुलीचा वंश पुढे राणी एलिझाबेथच्या आईपर्यंत येतो, म्हणजे आत्ताचा राजा चार्ल्स हा लॉर्ड वेलस्लीचा वंशज! बापाकडून आलेली अर्लची पदवी विल्यमकडे, मग त्या चार आडनावांच्या महाशयांकडे, त्याचा मुलगा गेल्यावर १८६३ मध्ये ड्यूकच्या घरात आली. ड्यूक घराणं आजही वेलस्लीच लावतं.

आर्थरचा एक वेगळा किस्सा इथलाच. १८०० मध्ये धोंड्या वाघ नावाच्या बंडखोराला पाठलाग करून मारलं तेव्हा त्याचा लहान मुलगा सलाबत खान सापडला, त्याला आर्थरने सांभाळलं, परत जाताना त्याच्यासाठी पैसेही ठेवून गेला. नाव मात्र लावलं नाही अर्थातच.


शेंडेनक्षत्र

म्हणजे आजच्या ड्यूकची डीएनए टेस्ट केली तर तो वेलस्ली निघणार नाही?


अनुस्वार

बापाकडून मुलाकडे जो वाय क्रोमोसोम जातो तो कॉलींचा निघेल, मधे दुसरी काही भानगड नसेल तर. आडनावही बापाकडून मुलाकडे जातं म्हणून दोन्ही जुळतील असं लोक धरून चालतात, इंग्लंडात आडनाव आणि वाय क्रोमोसोमवर बरंच काम झालंय, विरळ आडनावांत बऱ्याचदा जुळतंही. पण जमीनदार घराण्यांत असली मृत्युपत्रं इतकी आहेत की तिथेच जास्त घोटाळा. डांगनच्या वेस्लींचं रक्त थोडं तरी असेल असं वाटेल, दोन्ही घराण्यांत आधी लग्नसंबंध होते म्हणून तर नातं होतं. पण ते रक्त कोणाकडून कोणाकडे गेलं हे बघावं लागेल. इस्टेट देणाऱ्या गॅरेट वेस्लीची आई कॉलींची मुलगी होती, म्हणजे कॉली रक्त वेस्लींत आलेलं, वेस्ली रक्त कॉलींत नाही.


शेंडेनक्षत्र

डोकं गरगरलं पण समजलं. म्हणजे आत्याच्या मुलाने मामेभावाला घर दिलं.


अनुस्वार

बरोब्बर. एका ओळीत सांगितलंत, मी उगाच परिच्छेद लिहिला.


पर्वतीवरून

आता एल्फिन्स्टनवर पण येऊ द्या.


गोदाकाठ

एल्फिन्स्टन स्कॉटिश, ते गाव एडिंबराच्या पूर्वेला, सॅक्सन किती आणि काय यावर वाद घालायला अनुस्वार लागतील. वेगळा धागा काढा कोणीतरी, मी भर घालीन.